साठ विटांचं नाव

हेमराजभाऊंनी मला उभ्या आयुष्यात नुसतं 'गजानन' म्हणून हाक मारली नाही. समोरून सांड अंगावर येत असता तरी त्यांनी आधी 'गजानन किसन मेंढे' असं सगळं म्हटलं असतं आणि मगच 'बाजूला हो' म्हटलं असतं. तोवर मी शिंगांवर. हे मी हवेतून सांगत नाही. तिरोड्याच्या बसस्टँडवर एकदा माझ्या पाठीमागून बस रिव्हर्स येत होती, तेव्हा हे घडलेलं आहे. माझ्या डाव्या पायाचा अंगठा अजून साक्षीला आहे.

वाढवून सांगायची मला सवय आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पाणीवापर संस्थेत लिपिक म्हणून माझी हयात गेली, आणि तिथं नुसतं खरं सांगणाऱ्यासमोर कोणी बसत नाही, चहासुद्धा येत नाही. पण पुढं एका ठिकाणी मी जे सांगणार आहे ते वाढवलेलं नाही. उलट त्यात एखादा शब्द कमी असता तर बरं झालं असतं.

तर हेमराज फत्तूलाल टेंभरे. पूर्ण नाव लिहितो, कारण अर्धं लिहिलं तर जिथं असतील तिथून सायकल काढतील. उंची एवढी, की संस्थेच्या दारातून आत येताना ते आधी डोकं आत पाठवायचे आणि परिस्थिती बघून मग बाकीचं अंग आणायचे. खिशाला चार पेनं, त्यातलं एक चालणारं. कोणतं, ते त्यांनाही माहीत नसायचं. तरुणपणी त्यांनी गोंदियाच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवलं होतं. तो क्लास बंद पडला तेव्हा मालकानं निरोपाला एक जुना कॉम्प्युटर दिला. तो कॅरियरला बांधून भाऊ सायकलनं तिरोड्याकडे निघाले, आणि वाटेतल्या तीन गावांत लोकांनी टीव्ही समजून क्रिकेटचा स्कोअर विचारला. एका गावात त्यांनी तो सांगितलाही. बरोबर निघाला.

त्यांना माणसांच्या नावांचं वेड होतं. कुणालाही भेटले की पहिलं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. एवढं झालं की मग बोलणं सुरू. नागऱ्याच्या महादेवाच्या यात्रेत एकदा एक म्हातारी चुकली होती. गाव आठवेना, पोराचं नाव आठवेना, नुसतं बापाचं नाव सांगे. भोंग्यावाला तिला चौकीत बसवायला निघाला होता. भाऊ तिच्यासमोर मातीत बसले, बापाचं नाव दोनदा वदवून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, ही लोकं मूळची तलावाकडची, हिची मोठी बहीण दिली होती नहरेच्या पलीकडं, म्हणजे ही अमक्या गावची. मग भोंगा हातात घेऊन त्यांनी तिच्या पोराचं नाव तीन पिढ्यांसकट पुकारलं. गर्दीतून जो माणूस धावत आला तो रडत होता. आई सापडली म्हणून की इतक्या वर्षांनी आज्याचं नाव कानावर पडलं म्हणून, ते मी विचारलं नाही.

आता यादीचं सांगतो. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी नहरेनं, म्हणजे मोठ्या कालव्यानं येतं, नहरेतून फाट्याला लागतं आणि फाट्यावरून बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत शिरतं. आमच्या फाट्यावर चारशेच्या वर धानवाले. उन्हाळी धानाला पाणी मोजकं मिळतं. त्यामुळे आधी कोण आणि मग कोण, याची यादी संस्था काढते. जुन्या जाणत्यांनी एक क्रम लावून ठेवला होता : सगळ्यात लांबचे, टेलवाले, ते आधी. कारण जवळच्यांनी आधी घेतलं तर टेलपर्यंत नुसता ओलावा जातो. हा क्रम दर हंगामाला तसाच पुढं चालवायचा. नवा सभासद आला तर त्याचं नाव सगळ्यात शेवटी.

ही यादी हातानं निघायची तेव्हा ती एका रात्रीत बाळंतीण होत असे. संध्याकाळी अडतिसावा असलेला माणूस अध्यक्षांच्या घरी सुपारी खाऊन आला की सकाळी सहावा. हेमराजभाऊंनी ते बंद केलं. त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो मागच्या हंगामाची यादी उघडे, यंदाच्या रजिस्टरातलं एकेक नाव तिच्यात शोधे, सापडलं की जुन्या जागी बसवी आणि नाही सापडलं तर नवा सभासद समजून तळाला टाकी. त्यात सुपारीला जागाच नव्हती. शिवाय त्यांनी एक नियम आमसभेत मंजूर करून घेतला. पाणी सुटायच्या आदल्या सकाळी संस्थेसमोरच्या मोहाच्या झाडाखाली यादी मोठ्यानं वाचायची, ज्याचं नाव येईल त्यानं 'आलो' म्हणायचं, आणि एकदा वाचली की त्या हंगामापुरती ती यादी कोणालाही बदलता येणार नाही. या नियमासाठी ते तीन दिवस उपाशी बसले होते. चौथ्या दिवशी अध्यक्षांनी नियम मान्य केला आणि भाऊ त्यांच्याच घरी जेवले. अठरा पोळ्या. मी वाढायला होतो, म्हणून आकडा पक्का आहे.

प्रोग्रामात एकच खोड होती, आणि ती भाऊंची स्वतःची होती. पाटबंधाऱ्याचे एक साहेब एकदा म्हणाले, टेंभरेजी, नावं कशाला शोधता, प्रत्येक सभासदाला एक नंबर द्या, काम सोपं होईल. भाऊ उठून उभे राहिले. वर पंखा होता तरी राहिले.

"नंबर बैलाले देतेत साहेब, नाई तं जेलातल्या माणसाले. आमचे पणजे-खापरपणजे माळव्यातून इकडं आले, तवा नाक्यावर त्याइले कोणी नंबर नाई देल्ला. नावानं आले, नावानं जमीन कसली. मी नंबर नाई टाकत."

साहेब गेले. प्रोग्राम नावांवरच राहिला. पंधरा उन्हाळे तो चालला आणि दर उन्हाळ्यात भाऊ मोहाखाली उभे राहून यादी वाचत. मेलेल्या माणसाच्या नावावर पाळी असेल तर त्याची बायको नाहीतर पोरगा 'आलो' म्हणे. चौथं नाव लक्ष्मीनारायण चैतराम पटले. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची बायको फुलवंताबाई, टेलवर दोन बांध्या, नवऱ्याचं नाव आलं की उभ्या राहून, पदर सावरून, 'आलो' म्हणायच्या. आले नव्हे, आलो. वर्षातून एकदा तेवढं त्या नवऱ्याच्या वतीनं बोलत असाव्यात.

मग आमचा कॉम्प्युटर वारला. उघडून पाहिलं तर आत पालींच्या चार पिढ्या नांदत होत्या आणि सर्वांत वडील पाल मदरबोर्डवर सती गेली होती. गोंदियाला नवीन मशीन घ्यायला मी आणि भाऊ गेलो. दुकानदारानं भाऊंच्या प्रोग्रामची जुनी सीडी हातात घेतली आणि पुरातत्त्ववाल्यासारखी उजेडात धरली.

"काका, ये तो पायथन टू है. अब थ्री चलता है. ये कब का बंद हो गया."

"बंद कैसा? कल तक मेरा चल रहा था," भाऊ म्हणाले.

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा. तिची दोन नंबरची आवृत्ती भाऊंची, आणि नवीन मशीनवर तीन नंबरची. दोघी सख्ख्या बहिणी, पण धाकटी शहरात शिकून आलेली. मोठीच्या पंगतीत कोणीही कोणाशेजारी बसायचं. धाकटी आधी प्रत्येकाला विचारते, तू अक्षर आहेस की बाइट आहेस? आणि दोघांना एका ओळीत बसू देत नाही. मशीन मुळात अक्षरं ओळखत नाही, ते बाइट ओळखतं. भाऊ बाइटला वीट म्हणायचे. मला त्यांनी असं समजावलं होतं, की इंग्रजीचं अक्षर एका विटेत उभं राहतं. आपलं 'क' उभं करायला तीन विटा. काना दिला, आणखी तीन. मात्रा, आणखी तीन. पाय मोडला, त्याच्याही तीन. मी म्हटलं, एवढ्या विटांत घरकुल झालं असतं. ते हसले नाहीत. विटांच्या बाबतीत ते हसत नसत.

जुना प्रिंटर अरुंद होता, म्हणून पंधरा वर्षांपूर्वी भाऊंनी प्रोग्रामात लिहून ठेवलं होतं : नाव साठपर्यंत घे, पुढचं काप. जुनी भाषा साठ म्हणजे साठ विटा मोजायची. नवी भाषा साठ म्हणजे साठ अक्षरं मोजते. एवढाच फरक. या फरकात चारशे घरांचं पाणी अडकलं होतं, हे तेव्हा जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस काम सावकाश करायचा.

राजू मोडकू पटले असं आटोपशीर नाव असेल तर साठ विटांत बसून वर जागा उरे. पण लक्ष्मीनारायण चैतराम पटले? 'चैतराम'पर्यंतच अठ्ठावन्न विटा होतात. जागा सोडली की एकोणसाठ. साठावी वीट म्हणजे 'पटले'मधल्या 'प'ची पहिली वीट. कात्री तिथं चाले. जुन्या याद्यांत असे तुटके 'प' आणि तुटके 'ट' शेकडो पडलेले होते. जुनी भाषा त्यांच्याकडं कानाडोळा करायची, कारण दोन्ही याद्या सारख्याच तुटलेल्या असत आणि तुटकं तुटक्याशी जुळे. स्वतः भाऊंच्या नावाची शेवटची मात्रा बासष्ट विटांत संपायची, म्हणून त्यांच्या पाळीच्या चिठ्ठीवर दरवर्षी 'टेंभर' आणि पुढं एक चौकट छापून येई. ते ती चौकट पेनानं पुरी करत. चालणारं पेन सापडलं तर.

नवी भाषा असा तुटका तुकडा दिसला की जागच्या जागी थांबे. हे काय आहे ते सांगा, मगच पुढं जाते. आणि भाऊ तिला सांगायचे. कसं? तर सायकल काढून त्या माणसाच्या घरी जायचे, त्याच्या तोंडून पूर्ण नाव ऐकायचे, वहीत लिहायचे आणि परत येऊन जुन्या यादीत ते नाव अख्खं करायचे. मी म्हटलं, भाऊ, रजिस्टरात सगळ्यांची पूर्ण नावं आहेत, घरी कायले जाता?

"रजिस्टर तू लिहलं, गजानन किसन मेंढे. तुह्या लिहिण्यावर मी पाणी नाई सोडत."

रोज दहा-बारा घरं व्हायची. प्रत्येक घरी पाणी, चहा, लेकीच्या लग्नाची चौकशी. मेलेल्या माणसाचं नाव असेल तर दुपार तिथंच जायची. धान निसवायला आलं होतं. लोंबी बाहेर पडायच्या वेळी पाणी चुकलं तर आत दाणा भरत नाही, नुसतं फोलपट राहतं. पण पाणी सुटायला अजून सहा दिवस होते आणि भाऊंचं गणित सहा दिवसांत बसत होतं.

मग निरोप आला की गेट चार दिवस आधी उघडणार. परवा पाणी. म्हणजे उद्या सकाळी यादी वाचायची. भाऊ तलावाकडच्या गावांत गेलेले, मुक्कामालाच. त्यांचा मोबाइल नेहमीप्रमाणे घरी खुंटीला. अध्यक्ष माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, मेंढे, पंधरा वर्षं झाली तू त्या माणसाशेजारी बसून राहिलास, एवढं तं शिकलाच असशील.

आता इथून मी वाढवत नाही.

मी मशीन लावलं. ते पहिल्या तुटक्या नावाशी थांबलं. लाल अक्षरांत ओरड. मी मोबाइलवर ती ओरड जशीच्या तशी टाकून उपाय शोधला. कोणी परदेशातल्या माणसानं लिहिलं होतं, एक शब्द घाला, मग मशीन जे समजत नाही ते सोडून देऊन पुढं जातं. मी तो शब्द घातला. मशीन गप्प झालं. चाळीसेक सेकंदांत सबंध यादी बाहेर. मला एवढा आनंद झाला, की मी शिपायाला म्हटलं, बारा दिवसांचं काम बारा सेकंदांत केलं. हे तेवढं वाढवलं होतं.

झालं असं होतं. जुन्या यादीतल्या लांब नावांची तुटकी टोकं मशीननं फेकून दिली, पण नावं कापलेलीच राहिली. यंदाच्या रजिस्टरातली नावं मात्र नवी भाषा साठ अक्षरांपर्यंत घेत होती, म्हणजे अख्खी. कापलेलं अख्ख्याशी जुळेना. ज्याचं नाव लांब तो मशीनला सापडला नाही. सापडला नाही तो नवा सभासद. नवा सभासद तळाला. मशीन जिथं जिथं थांबत होतं, ती नेमकी याच माणसांची दारं होती. ते थांबणंच बरोबर होतं, आणि मी ते बंद केलं.

सकाळी मोहाखाली मी यादी वाचली. आवाज माझा दणदणीत आहे, नहरेच्या पलीकडं म्हशी उठून उभ्या राहतात. चौथ्या नावाला कोणी दुसराच 'आलो' म्हणाला. लोकं इकडंतिकडं बघू लागली. शेवटच्या पानावर लांब लांब नावं एकामागून एक यायला लागली, तेव्हा फुलवंताबाई उभ्या राहिल्या.

"काऊन जी मेंढेबाबू? माह्या मालकाचं नाव चवथं राहाते. शेवटी कसं गेलं?"

मला कारण माहीत नव्हतं. 'माहीत नाही' एवढं म्हणायला काय लागत होतं? भाऊ येईपर्यंत थांबा, वाचलेली समजू नका, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण चारशे माणसं माझ्याकडं बघत होती आणि मला गप्प राहता येत नाही. मी म्हणालो, यंदापासून सरकारचा नवीन नियम आहे, उलटी पाळी, पंधरा वर्षं वर होते ते आता पाच वर्षं खाली, जपानात असंच करतात. जपानाचं ऐकून लोकं गप्प बसली. मी पुढचं नाव वाचलं. शेवटून सातवं नाव हेमराज फत्तूलाल टेंभरे. त्यालाही कोणी 'आलो' म्हटलं नाही. आणि यादी वाचून झाली.

ऊन उतरताना भाऊ आले. वही भरलेली, सायकलला कोणाच्या तरी घरचं भोपळ्याचं फळ. फळ्यावरची यादी त्यांनी वरून खाली पाहिली, मग खालून वर. मशीनसमोर बसले. मी घातलेला शब्द त्यांना लगेच दिसला असणार, कारण ते प्रत्येक ओळीखाली कारण लिहून ठेवत आणि या ओळीखाली काही नव्हतं.

"गजानन किसन मेंढे, हे तू लिहलं?"

"मशीननं आपोआप घेतलं असेल भाऊ," मी म्हणालो. "नवीन भाषा आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान हलवली. "होईल बापा. नवीन हाय."

मग त्यांनी तो शब्द काढला आणि एक ओळ लिहिली. एकच. आधी नावाच्या विटा कर, मग साठ मोज, आणि तुटक्याशी तुटकं जुळव, जसं जुनी बहीण करत होती तसं. बटण दाबलं. प्रिंटर करकरला. चौथं नाव लक्ष्मीनारायण चैतराम, पुढं चौकट. यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर. ती घेऊन ते अध्यक्षांकडं गेले, मी मागोमाग. अध्यक्षांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. ते वाईट माणूस नाहीत. ते एवढंच म्हणाले, टेंभरेजी, वाचलेली यादी बदलायची नाही, हा नियम तुमचाच. मी आज तुमच्यासाठी बदलली तर उद्या सुपारीवाले दारात उभे राहतील. भाऊंनी आपली यादी उचलून तिची घडी केली. मग म्हणाले, "बरोबर हाय." बरोबरच होतं. त्यासाठीच ते उपाशी बसले होते.

एकेका नावासाठी एकेक घर गाठून ते अख्खं करणाऱ्या या माणसाला ही ओळ आधी का सुचली नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. सुचली असणार. पण तुटक्याशी तुटकं जुळवून काम चालवायचं त्यांना आता नको होतं. पंधरा वर्षं लोकांची नावं कापली, आता अख्खी करू, एवढंच त्यांच्या मनात होतं. वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलेलं मी पाहिलंय.

पाणी सुटलं. तळाच्या पानापर्यंत पोचायच्या आत गेट बंद झालं, तलाव तेवढाच भरला होता. माझं नाव चव्वेचाळीस विटांचं. माझी बांधी भिजली. फुलवंताबाईंच्या दोन्ही बांध्यांत लोंब्या उभ्या राहिल्या, पांढऱ्या, हलक्या. वारा आला की वाजायच्या. भाऊंची स्वतःची एक बांधी तशीच वाळली, तिकडं ते फिरकलेही नाहीत. फुलवंताबाईंच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर मात्र ते आठवडाभर रोज जाऊन उभे राहत. शेवटी बाईच म्हणाल्या, "भाऊजी, जा जी घरी. उभं राहून दाणा नाई भरत."

आमसभेत आरडाओरडा झाला. लांब नाववाल्यांत एक जण असाही निघाला, की मला म्हणे, बाबू, आज्याचं नाव कापून लहान करता येते का. लोकं हसली, पण तो खरंच विचारत होता. कोणी म्हणालं, उलटी पाळी म्हणे जपानची, हे कोणी आणलं? माझी जीभ टाळूला चिकटली. सगळ्या जन्मात माझी जीभ तेवढी एकदाच चिकटली आहे. भाऊ उठले. पंख्याखालीच उठले.

"प्रोग्राम माहा हाय. यादी त्याच्यातून निघाली. चूक माही."

आणि बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. त्यांना सगळं कळलेलं होतं, की माझं ते 'आपोआप' त्यांनी खरंच मानलं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. रात्री कधी वाटतं, कळलेलं होतं. दिवसा वाटतं, नव्हतं. दिवसा जगायला बरं पडतं.

त्यानंतर संस्थेनं पोर्टल घेतलं. बाहेरची कंपनी, मोबाइलवर पाळी. प्रत्येकाला सहा आकडी नंबर मिळाला. मोहाखाली आता कोणी वाचत नाही, मेसेज येतो. पोर्टलवाल्यांनी नंबर देताना सुरुवातीला आमच्याकडची शेवटची यादी उचलली, म्हणजे मी वाचलेली. त्यामुळे तळाचे तळालाच कायम झाले. तक्रार असेल तर तालुक्याच्या ऑफिसात अर्ज द्यायचा, एका वेळी एकच, पूर्ण नाव आणि पुराव्यासहित.

भाऊंना मी त्याच ऑफिसात शेवटचं पाहिलं. माझं काही वेगळं काम होतं. हॉलमध्ये स्टीलच्या खुर्च्या, समोर भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. टोकन घ्यायचं, आकडा आला की खिडकीवर जायचं. भाऊ मधल्या रांगेत बसले होते, आणखी वाकलेले. मांडीवर कापडी पिशवी. त्यातून ती बरोबर यादी डोकावत होती, कडेला भोकं असलेला जुना कागद, घड्यांवर फाटत आलेला. वर एक अर्ज, ठळक अक्षरांत, लक्ष्मीनारायण चैतराम पटले. शिपाई मला कुजबुजला, दर सोमवारी येतेत, दर वेळी एक नाव घेऊन येतेत, मंजूर तं अजून एकही नाही झालं.

पाटीवर आकडा बदलला, घंटी वाजली. कोणी उठलं नाही. पुन्हा वाजली. भाऊंच्या हातातल्या चिठ्ठीवर तोच आकडा होता, मला तो लांबून दिसत होता. ते पाटीकडं बघतच नव्हते. पुढचा आकडा लागला आणि दुसरा माणूस खिडकीवर गेला.

तेव्हा मी ओरडलो. मोहाखाली ओरडतो तसा. "हेमराज फत्तूलाल टेंभरे."

ते ताडकन उभे राहिले. "आलो," म्हणाले, आणि थेट खिडकीपाशी गेले. खिडकीतल्या मुलीनं चिठ्ठी पाहिली. हा तर निघून गेला काका, ती म्हणाली, नवीन घ्या आणि शेवटी बसा. त्यांनी नवीन घेतलं आणि शेवटी बसले. मी त्यांच्यापाशी गेलो. काय बोलणार होतो ते मी तयार करून गेलो होतो, पुष्कळ दिवसांपासून तयार होतं.

"गजानन किसन मेंढे," ते म्हणाले, "तुहा आवाज चांगला हाय. यादी तूच वाचत जा."

मी तयार केलेलं बोललो नाही. हो म्हणालो आणि निघालो. काचेच्या दारातून मागं पाहिलं तर पाटीवरचा आकडा बदलत होता. सगळ्या हॉलनं आपापल्या हातातली चिठ्ठी बघितली. भाऊंनी नाही. पिशवी मांडीवर धरून ते खिडकीकडं कान देऊन बसले होते, कोणी नावानं बोलावतंय का.